शब्दचर्चा : पडद्यावरचं ‘प्रतिनिधित्व’

चौकस :
‘वानदगी’ या २०११ च्या कोरियन चित्रपटावर लिहितोय (परदेशात तो ‘पंच’, म्हणजे ठोसा, या नावाने गेला). बाप कुबडा, कॅबरेत नाचून पोट भरणारा. आई फिलिपिनो आहे आणि जिवंत आहे, हे मुलाला कळतं ते थेट हायस्कूलमध्ये, तेही शेजारी राहणाऱ्या मास्तरांकडून. ‘अशा घरांना या चित्रपटाने प्रतिनिधित्व दिलं’ असं लिहिलं आणि अडलो. वाक्य मराठी वाटतंय का?

ताकभात :
नाही वाटत. प्रतिनिधी हा निवडलेला किंवा धाडलेला असतो. पात्राला कोणी धाडलं? ‘चित्रण’ म्हणा, ‘दखल घेतली’ म्हणा. फरक तुमच्याच चित्रपटात आहे. आईचं काम करणारी जास्मिन ली जन्माने मनिलाची, कोरियन माणसाशी लग्न करून तिकडे गेलेली. २०११ मध्ये पडद्यावर आई, एप्रिल २०१२ मध्ये सेनुरी पक्षाच्या यादीतून खासदार. आधीचं चित्रण, नंतरचं प्रतिनिधित्व.

चौकस :
उदाहरण झकास, पण ‘चित्रण’ने भागत नाही. ज्या कादंबरीवर चित्रपट बेतलाय तिच्यात आई व्हिएतनामी आहे. चित्रपटात ती फिलिपिनो झाली. त्याच्या आदल्याच वर्षी याच बाईंनी दुसऱ्या चित्रपटात व्हिएतनामी बायको केली होती. चित्रण तर दोन्हीकडे आहे. आपल्या माणसाने आपल्याच माणसाचं काम केलं, ही गोष्ट त्या शब्दात कुठे येते?

ताकभात :
त्याला ‘सहभाग’. एका शब्दात सगळं कोंबायचा हट्ट कशाला? कोण दिसलं ते चित्रण, कोणी केलं तो सहभाग, कोणाच्या वतीने बोललं ते प्रतिनिधित्व. ‘वैविध्य’ मात्र खुशाल वापरा, ते रुळलंय.

पाटपाणी :
एक विनंती. अशा, दोन देशांच्या आईबापांच्या मुलांना मराठी लेखांत ‘संकरित’ म्हटलेलं वाचलंय. संकरित गाय असते, संकरित ज्वारी असते. ‘मिश्रवंशीय’ तरी लिहा. कोरियनमध्ये ‘होन्ह्यॉल’ म्हणजे मिश्र रक्ताचा, त्यालाही हाच वास. मग ‘दामुन्ह्वा’ हा सभ्य शब्द आला : दा म्हणजे अनेक, मुन्ह्वा म्हणजे संस्कृती. २००८ मध्ये अशा कुटुंबांसाठी कायदा झाला, त्याच्या नावातही हाच शब्द. पण शाळेत एखाद्या पोरालाच ‘दामुन्ह्वा’ म्हणू लागले आणि सभ्य शब्दाचं लेबल झालं. मराठीत ‘बहुसांस्कृतिक मुलगा’ कोणी म्हणणार नाही, एवढं आपलं नशीब. आणि कायद्याची मेख अशी, की त्यात एक जोडीदार कोरियन नागरिक हवा. दोघंही परदेशी मजूर असतील तर ते घर या व्याख्येत बसतच नाही. म्हणून सरसकट ‘बहुसांस्कृतिक कुटुंब’ लिहू नका.

चौकस :
हे माहीत नव्हतं, घेतो. अजून एक अडचण. आई पोटच्या पोराशी आदरार्थी कोरियन बोलते. इंग्रजी सबटायटलमध्ये ते पार पुसलं जातं.

पाटपाणी :
अहो, मग मराठीत मजाच आहे! ‘जेवलात का तुम्ही?’ असं आईने मुलाला विचारलं, की परकेपणा लगेच कळतो. आपल्याकडे आई पोराला लाडात ‘अहो राजे’ म्हणते, तो सूर मात्र नको. साधं, जपून केलेलं अहोजाहो. मुलगा तिला नवे बूट घेऊन देतो, त्या प्रसंगातही संवाद असाच ठेवा.

ताकभात :
आणि ‘फिलिपिनो सून’ टाळा. तिकडची माध्यमं असंच म्हणतात, आपल्यालाही ते चटकन सुचतं. पण या चित्रपटात सासूही नाही आणि सासरही नाही. ती आई आहे, तेच लिहा.