ब्रेकचं पेडल मऊ, शनिवारी ढोल आणायचेत

नमस्कार मंडळी,
रविवारी माझ्या इम्प्रेझा गाडीला पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग), मोठ्या डिस्क आणि ब्रेक ऑइलचे स्टीलच्या जाळीचे होज बसवले. तेव्हापासून पेडल पहिल्या दाबाला पार खाली जातं, दोन-तीनदा पंप केलं की वर येतं. गळती कुठेच नाही. बायको पेडलवर, मी निप्पलवर (कॅलिपरमधली हवा काढायचा स्क्रू), असं करत दीड लिटर डॉट ४ ब्रेक ऑइल संपवलं. बुडबुडेही थांबलेत. मिशिगनमधल्या नोव्हायहून ढोल माझ्याच गाडीतून यायचे आहेत. काका, बघाल का?
– ट्रॉयहून

---

पंप केल्यावर पाय तसाच दाबून धर. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलेंडरचं (पेडलचा दाब ऑइलला देतो तो) रबर गेलं. ब्लीडिंग करताना, म्हणजे हवा काढताना, पेडल पार तळाला दाबत होतात का? जुन्या सिलेंडरच्या आत, एरवी पिस्टन जात नाही त्या भागात, गंज असतो. त्यावर रबर घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा.
– काका

---

काकांची माफी मागून, ब्रेक हे माझं रोजचं काम आहे. कॅलिपर मोठे झाले की ऑइल जास्त लागतं, पेडल लांब जाणारच. मात्र जुन्याशी तुलना करताना फिक्स्ड कॅलिपरचे (डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या) चारही पिस्टन मोजू नका, एका बाजूचे दोनच मोजा. मोठा मास्टर सिलेंडर घातला तर पेडल घट्ट होईल, पण पायाला जोर जास्त लागेल.

---

मग पंप केल्यावर वर का येतं? नुसत्या मापाचा फरक असता तर दर वेळी सारखंच खाली गेलं असतं. एअर आहे.
– काका

---

कसारा घाट उतरताना बाबांच्या फियाटचं पेडल असंच गेलं होतं. अर्ध्या तासाने परत आलं. आम्ही तिघं भावंडं मागे होतो, आजही तो उतार आठवला की पोटात गोळा येतो. कृपा करून या गाडीतून मुलांना आणू नका.
– ढोल गटाची ताई

---

ताई, ते ऑइल उकळून त्यात वाफ झाल्यामुळे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ वर येऊ शकते. इथे तर गाडी गॅरेजबाहेरही गेलेली नाही.

---

ही ईमेल यादी कार्यक्रमांसाठी आहे. ढोलांचं उत्तर आज रात्रीपर्यंत हवं, नाहीतर मी व्हॅन सांगते.
– सचिव

---

व्हॅन सांगाच. आणि तू मला एवढंच कळव: कॅलिपरचे निप्पल वर आहेत की खाली?
– काका

---

काका, खाली!! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. हवा वरच अडकून राहायची, खालून नुसतं ऑइल यायचं, म्हणून बुडबुडे दिसेनात. अदलाबदल केली, आतलं-बाहेरचं दोन्ही निप्पल उघडून एअर काढली. बाहेरचं आधी उघडलं तेव्हा केवढा फेस आला! आता पेडल वरच धरतं, मिनिटभर दाबून ठेवलं तरी बसत नाही. काका, फार आभार.

---

नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसायचेत. आधी रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात तपास. मग पन्नास मैलांच्या वेगावरून दहावर, असं आठ-दहा वेळा आण, मध्ये गार होऊ दे. पूर्ण थांबवून पाय दाबून ठेवू नकोस.
– काका

---

व्हॅन सांगितली आहे. शनिवारी नऊला नोव्हाय. ढोल उचलायला दोघं हवेत.
– सचिव