मदत हवी आहे: पॅरिश कौन्सिलचा इंटरेस्टचा फॉर्म, पैठणी आणि गणपतीचा हॉल (इंग्लंड)

फोडणीचा_भात:
मंडळी नमस्कार, इंग्लंडमधे कोणी कौन्सिलर असेल किंवा घरात कोणी असेल तर प्लीज सांगा. आमच्या गावच्या पॅरिश कौन्सिलवर (आपल्या ग्रामपंचायतीसारखी) एक जागा रिकामी होती, निवडणुकीला कोणी उभंच राहिलं नाही म्हणून मला को-ऑप्ट केलं, म्हणजे कौन्सिलनेच थेट घेतलं (हो, इंडियन पासपोर्टवर चालतं, आयएलआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी असेल तर). पैसे काही मिळत नाहीत. महिन्यातनं एक मीटिंग, कुत्र्यांची घाण, पार्कातले झोपाळे, कोणाच्या बांधकामाच्या अर्जावर आपलं मत कळवायचं, एवढंच असेल असं समजून गेले, तर क्लर्कबाईंनी आधी रजिस्टर ऑफ इंटरेस्ट्सचा, म्हणजे आपले हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म हातात दिला. 28 दिवसांत भरायचा आणि वेबसाइटवर सगळ्या गावाला दिसणार. मुदत संपत आलीय आणि मी अजून पहिल्याच पानावर.

नवऱ्याची नोकरी पण लिहायची म्हणतात, तो म्हणतो तुझ्या समाजसेवेत माझी कंपनी कशाला. पुण्यात दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, भाड्याने दिलाय, आणि त्याच्याकडे जुन्या कंपनीचे थोडे शेअर्स आहेत, तेही टाकायचं का?

मग गिफ्ट. 50 पाउंड किंवा त्यावरची गिफ्ट आणि हॉस्पिटॅलिटी जाहीर करा असं लिहिलंय. गावातच माझी एक मैत्रीण केटरिंग करते, तिने आमच्या वास्तुशांतीला मला येवल्याची पैठणी नेसवली होती, आता किंमत विचारायची सोय नाही पण 50 पाउंडांत येत नाही एवढं कळतं. दिवाळीला फराळाचा डबा असतोच. आणि आता तिचा गॅरेजचं किचन करायचा अर्ज आमच्याच कौन्सिलपुढे मतासाठी येतोय.

वर मी इथल्या महाराष्ट्र मंडळाची खजिनदार, मंडळ रजिस्टर्ड चॅरिटी आहे आणि गणपती बसतो तो हॉल पॅरिश कौन्सिलच्या मालकीचा. पुढच्या मीटिंगला हॉलचं भाडं वाढवायचा विषय आहे. खरं सांगायचं तर आपलं माणूस आत असलं की भाडं कमी होईल म्हणूनच मंडळाने मला पुढे ढकललं होतं.

लेस्टरचा_पक्या:
आपल्याकडे नगरसेवक झाला की चौकात फ्लेक्स लागतो, तुमच्याकडे फॉर्म लागतो. असो. जाणकार येतीलच, मी धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

काठावरचा:
ताई, मी डिस्ट्रिक्ट कौन्सिलला (पॅरिशच्या वरची) एक टर्म काढलीय म्हणून लिहितो. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, एक कायद्याचं आणि एक कोड ऑफ कंडक्टचं (कौन्सिलरच्या वागणुकीचे नियम). कायदा म्हणजे लोकॅलिझम ॲक्ट 2011 आणि त्याखालचे 2012 चे नियम. त्यात पैशाचे संबंध येतात: नोकरीधंदा, कौन्सिलशी असलेलं कंत्राट, कौन्सिलच्या हद्दीतली जमीन-घर, शेअर्स वगैरे. तुमचे आणि नवऱ्याचेही, तुम्हाला माहीत असतील तेवढे. म्हणजे त्याची नोकरी लिहावीच लागेल, पण त्याचं नाव लिहायची सक्ती नाही, हे त्याला सांगा म्हणजे जरा शांत होईल. पुण्याचा फ्लॅट नाही लागत, हद्दीतलीच मालमत्ता विचारतात. राहतं घर मात्र लिहायचं, भाड्याचं असलं तरी. शेअर्स कधी, तर त्या कंपनीचं ऑफिस किंवा जागा तुमच्या हद्दीत असेल आणि शिवाय हिस्सा दर्शनी किमतीने 25,000 पाउंडांच्या वर किंवा भांडवलाच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त असेल तर. खेड्यात कुठली आलीय ती कंपनी, सोडून द्या.

घराचा पत्ता वेबसाइटवर गेल्याने कोणी त्रास देईल, धमकावेल अशी खरी भीती असेल तर तो झाकून ठेवता येतो, पण त्यासाठी डिस्ट्रिक्टच्या मॉनिटरिंग ऑफिसरशी (हे नियम बघणारा अधिकारी) बोला. तुमच्या पॅरिशचं रजिस्टरही तेच सांभाळतात, क्लर्क नाही.

गिफ्टचं त्या कायद्यात काहीच नाही, ते कोडमधे असतं. 50 चा आकडा 2020 च्या मॉडेल कोडमधला (कौन्सिलांसाठीचा नमुना कोड), त्याआधी 2007 च्या कोडमधे 25 होता, आणि प्रत्येक कौन्सिल आपापला कोड ठरवते, त्यामुळे तुमचा कोड उघडून आकडा बघा. पैठणी मैत्रीण म्हणून दिली, तुम्ही कौन्सिलर नव्हताच तेव्हा, त्यामुळे ती लिहायची गरज नाही. फराळाचा डबा वर्षानुवर्षं येतोय तोही नाही. पण आता अर्ज पुढे असताना नेहमीच्या डब्याच्या जागी चांदीचं ताट आलं तर ते किमतीचा विचार न करता परत करायचं, आणि मोठी गिफ्ट नाकारली तरी नाकारल्याचं कळवायचं असतं. एकाच माणसाकडून थोडं थोडं येत राहिलं तर तेही बेरीज करून बघा.

सातारी_इन_स्विंडन:
एवढं कोण बघतंय? आमच्या पॅरिशवर सगळे एकमेकांचे मित्र आहेत, पबात निम्मी मीटिंग होते. उगाच घाबरवताय.

काठावरचा:
कोणी बघत नाही तोवर बघत नाही. पैशाचा संबंध मुद्दाम लपवला किंवा तो असताना मत दिलं तर तो सरळ फौजदारी गुन्हा आहे, दंड आणि पाच वर्षांपर्यंत अपात्र. ईस्ट डॉर्सेटच्या एका माजी लीडरवर 2015 मधे असाच गुन्हा शाबित झाला, ज्या हाउसिंग संस्थेचे ते डायरेक्टर होते तिची जमीन ज्या विषयात होती त्यावर मत दिलं म्हणून. शिक्षा म्हणाल तर सहा महिन्यांचा कंडिशनल डिस्चार्ज (तेवढ्या काळात पुन्हा गुन्हा केला नाही तर शिक्षा नाही) आणि वर कोर्टाचा खर्च, पण पेपरात नाव आलं ते आलंच. गिफ्टच्या बाबतीत तुमचं अर्धं बरोबर आहे, तिथे गुन्हा नाही, तक्रार होते आणि 2012 पासून कौन्सिलरला सस्पेंड करायचीही सोय राहिली नाही. मला तरी ते चूक वाटतं.

फोडणीचा_भात:
खूप आभार, नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प झालाय. म्हणजे पैठणी सुटली तर तिच्या किचनच्या अर्जावर बोलू ना मी? मैत्रीण असा रकाना फॉर्मवर कुठेच नाहीये.

काठावरचा:
नाही हो, तिथेच सगळे फसतात. मैत्री फॉर्मवर लिहायची नसते, मीटिंगमधे सांगायची असते. मॉडेल कोडप्रमाणे नातेवाईक किंवा जवळची मैत्रीण यांच्या पैशाशी थेट संबंध असलेला विषय आला की आधी सांगायचं, मत द्यायचं नाही आणि खोलीबाहेर जायचं. पैठणी नसती दिली तरी हेच.

मंडळाचं थोडं वेगळं. चॅरिटीच्या कमिटीवर आहात, ते फॉर्मवर 'अदर' (इतर हितसंबंध) या भागात येतं. भाड्याचा विषय निघाला की मंडळाच्या खजिनदार आहात हे सांगा. पब्लिकला बोलायला वेळ देत असतील तर त्या वेळात तुम्हीही मंडळाची बाजू मांडू शकता, मग उठून बाहेर. चर्चेत आणि मतदानात नाही.

लेस्टरचा_पक्या:
म्हणजे खुर्ची मिळाली आणि मंडळाचं मत गेलं. अध्यक्षांना सांगितलंत का?

फोडणीचा_भात:
नाही अजून, रविवारी मीटिंग आहे 😬 आमच्या पॅरिशवर माणसं कमी आहेत, एक नेहमी आजारी, मी उठले तर कोरमचाच (किमान हजेरीचा) प्रश्न येईल बहुतेक. मग काय करतात?

काठावरचा:
त्यासाठी डिस्पेन्सेशन (या नियमातून खास सूट) असतं. क्लर्ककडे लेखी अर्ज द्यायचा, कारण नीट लिहायचं की इतके जण बाहेर गेले तर कामच चालणार नाही. परवानगी पॅरिश कौन्सिलच देते, जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंतची, आणि फक्त बोलण्यापुरती की मत देण्यासाठीही ते त्यात स्पष्ट असतं. अर्ज मीटिंगच्या दिवशी नका देऊ, अजेंडा निघायच्या आत द्या. आणि मंडळाच्या वतीने भाड्याचं पत्र तुम्ही सही करून पाठवू नका, सेक्रेटरींना पाठवू दे.