अनुभव धागा : वाढलेली प्रोस्टेट आणि ड जीवनसत्त्व

पिंपळपार : बाबांची जुनी फाईल आवरताना एकत्र टाचलेले दोन अहवाल सापडले. सोनोग्राफीत प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून 48 ग्रॅम आणि रक्तात ड जीवनसत्त्व कमी, अवघे 11. रात्री लघवीला वारंवार उठावे लागू लागल्यावर त्यांनी आधी एसटीचा प्रवास, मग लग्नकार्ये आणि शेवटी सकाळचे फिरणेही सोडले होते, कारण वाटेत सोय होईल याची खात्री नसे. ड कमी म्हणून प्रोस्टेट वाढली, की प्रोस्टेटमुळे घरात बसल्याने ड उतरले? आपापल्या घरचे अनुभव लिहावेत.

माडाची वाडी : आमचे काका रत्नागिरीचे, जन्मभर उघड्या अंगाने बागेत राबले, म्हणजे उन्हाची वाण नव्हती. तरीही सत्तरीत प्रोस्टेट वाढलीच. एकदा सर्दीची गोळी घेतली आणि लघवी पूर्ण तुंबून रात्री नळी घालावी लागली. चोंदलेले नाक मोकळे करणारी काही औषधे मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, हे तेव्हा समजले.

जुना मायक्रोस्कोप : प्रोस्टेटच्या पेशींमध्ये ड जीवनसत्त्वाचे ग्राही (त्याला प्रतिसाद देणारे रिसेप्टर) असतात आणि प्रयोगशाळेत त्या पेशींची वाढ त्याने मंदावते, म्हणून हा संबंध पूर्णपणे काल्पनिक नाही. एलोकॅल्सिटॉल नावाचे ड-सदृश औषध रुग्णांवर तपासलेही गेले. परंतु प्रत्यक्ष उपचारात टॅमसुलोसिनने स्नायू सैल होतात आणि फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडने काही महिन्यांत ग्रंथी आक्रसते. या दुसऱ्या गटातील गोळ्यांनी पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीचा आकडा) साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे तो अहवाल दाखवताना गोळीचे नाव सांगणे आवश्यक आहे.

सुगरण : सासऱ्यांना ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा दिली होती, शेजारच्या आजोबांच्या सल्ल्याने ती ते महिनोन्महिने रोज घेत राहिले. तहान, बद्धकोष्ठता आणि लघवी, सगळेच वाढले, आणि आम्ही सर्वजण प्रोस्टेटला बोल लावत बसलो. तपासणीत ड अति झाल्याने कॅल्शियम चढलेले निघाले. पुडी थांबवून उपचार केल्यावर ते हळूहळू उतरले.

माडाची वाडी : सुगरणताई, शेजारच्या आजोबांनी डॉक्टरकीचे शुल्क तरी घेतले नाही ना?

चष्मेबहाद्दर : टॅमसुलोसिनचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी चालू असल्याचे, किंवा पूर्वी घेतल्याचेही, नेत्रतज्ज्ञांना जरूर सांगावे; तिच्यामुळे शस्त्रक्रियेत बुबुळ सैल पडू शकते. गोळीमुळे एकदम उठल्यावर चक्करही येते, आणि ड अभावी हाडे कमकुवत असतील तर रात्री न्हाणीघरात पडणे महागात जाते. माझ्या मते म्हातारपणी ड तपासण्याचे खरे कारण प्रोस्टेट नव्हे, हाडे हे आहे.

पिंपळपार : बाबांच्या बाबतीत फिरणे थांबल्याने ड उतरले असावे, असे आता मलाही वाटते.

कट्टेकरी : आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बाक निवडताना स्वच्छतागृहाचे अंतर पाहिले जाते, ऊन नाही. तेथे आम्ही भल्या सकाळी बसतो, आणि इतक्या कोवळ्या उन्हात ड फारसे तयार होत नाही, हे सांगितल्यापासून दोन सभासद माझ्याशी बोलत नाहीत.