आयोवात फेझंटची शिकार बंद पडत चालली आहे का?

डेमॉइनचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे आयोवा-मिनेसोटाकडचे बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

आमच्या टीममध्ये साठीला टेकलेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या टेबलामागे एक जुना फोटो लावलेला आहे. पिकअपच्या मागच्या फळीवर लांब शेपटीचे फेझंट पक्षी ओळीनं मांडलेत, मागे पंधरा-वीस माणसं नारिंगी टोप्या घालून उभी आहेत आणि पुढे दोन लॅब्रेडॉर बसलेत. दर ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ही सगळी टोळी जमायची म्हणे. "आता आम्ही तिघंच जातो," म्हणाले. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: पोरं फोन सोडत नाहीत.

मला हे काही पटलं नाही. याच ऑफिसातली पंचविशीतली पोरं हरणासाठी थंडीत झाडावर तासन्‌तास बसतात, तेव्हा फोन आड येत नाही. मग फेझंटनंच काय घोडं मारलंय? पक्षी कमी झाले की माणसं? आणि पक्षी कमी झाले असतील तर गावाबाहेर सायकल चालवताना सकाळी मला ते आरवताना कसे ऐकू येतात?

---

खवय्या_नागपूरकर

मूळ प्रश्न राहू द्या. चवीला कसा असतो ते सांगा.

---

एम्सवाला

खवय्या: कोंबडीचाच भाऊबंद, पण अंगात चरबी नाही, त्यामुळे नुसता भाजला तर चामड्यासारखा होतो. आमच्याकडे सावजी नाही, पण काळ्या मसाल्यात मंद आचेवर शिजवला की जमतो. छर्रे नीट वेचून घ्यायचे, नाहीतर दाताच्या डॉक्टरचं बिल.

आता पाहुण्यांचा प्रश्न. मी १९९८ पासून आयोवातल्याच एम्स गावी आहे, काम मका-सोयाबीनचं. घरची शेती बारामतीकडची, त्यामुळे बांध, पाणी, खंड या भाषेतच मला हे कळलं, म्हणून तसंच सांगतो. फोनचा यात फार थोडा हात आहे. आधी गवत गेलं, गवतामागोमाग पक्षी गेले आणि पक्ष्यांमागोमाग माणसं गेली.

फेझंटची मादी जमिनीवरच, गवतात घरटं करते. दहा-बारा अंडी घालते आणि तेवीस-एक दिवस उबवते. पिल्लांना पहिले काही आठवडे किडेच लागतात, दाणे चालत नाहीत. म्हणजे मे-जूनमध्ये तिला असं गवत हवं, ज्यात कोणी यंत्र घालणार नाही. पूर्वी आयोवातल्या शेतकऱ्याकडे थोडं ओट, थोडा लसूणघास, चार गाई आणि कुंपणाकडेला गवताचा रुंद बांध असायचा. गाई गेल्या, तसा लसूणघासही गेला. ओटही गेलं. उरले मका आणि सोयाबीन. यंत्रं मोठी झाली तसे बांध निघाले. बांध कोरणारे फक्त आपल्याकडे असतात असं मी समजायचो. इथे तर पूर्ण बांधच उचलतात आणि जमिनीखाली पाणी काढायला टाइल, म्हणजे सच्छिद्र नळ, टाकतात.

१९८५ च्या शेती कायद्यात सीआरपी नावाची योजना आली. धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं पेरायची नाही, गवताखाली ठेवायची आणि सरकार दरसाल खंड देणार. योजना धूप थांबवायला आणि धान्याचा साठा कमी करायला होती, पण फायदा झाला फेझंटचा. मी आलो तेव्हा त्याच गवताच्या जिवावर सगळं चाललं होतं. आयोवात एका मोसमात दहा लाखांहून जास्त पक्षी मारले जायचे आणि त्याचं कोणाला नवल वाटायचं नाही.

मग मक्यापासूनचं इंधन, इथेनॉल आलं. मक्याचा भाव चढत २०१२ मध्ये बुशेलला सात डॉलरच्या वर गेला. सरकारी खंडापेक्षा मका दुप्पट-तिप्पट देत असेल तर गवत कोण ठेवील? करार संपले तसे नांगर फिरले. देशभरात २००७ मध्ये सीआरपीखाली ३ कोटी ६८ लाख एकर होते, आणि २०१४ च्या कायद्यानं कमाल मर्यादाच २ कोटी ४० लाखांवर आणली. त्यात आयोवात २००७ ते २०११ असे लागोपाठ हिवाळे बर्फाचे आणि वसंत ऋतू ओले गेले. बर्फात पक्षी मेले, पावसात पिल्लं गारठली. २०११ च्या मोसमात अख्ख्या राज्यात जेमतेम १ लाख ९ हजार पक्षी मारले गेले. दहा लाखांवरून लाखावर! त्या काळात माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी परवाना काढणं सोडलं, तिथून पुढे काढलाच नाही.

---

डेमॉइनचा_पाहुणा

हे माहीत नव्हतं, आभार. पण मग मला ऐकू येतात ते?

---

एम्सवाला

तीच तर गंमत आहे, आणि मी खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो. पक्षी परत आले आहेत.

इथलं वनखातं, म्हणजे डीएनआर, दर ऑगस्टच्या सुरुवातीला मोजणी करतं. तीस मैलांचे ठरलेले खडीचे रस्ते, पहाटे, दव भरपूर पडलेल्या दिवशी. ओल्या गवतातून पिल्लं घेऊन माद्या अंग वाळवायला रस्त्यावर येतात आणि गाडीतला माणूस मोजत जातो. या मोजणीत गेल्या काही वर्षांत आकडे चांगले आले आहेत. २०११ च्या कितीतरी पट. कमी बर्फाचे हिवाळे मिळाले की हा पक्षी भराभर वाढतो. माणसं मात्र त्या प्रमाणात परतलेली नाहीत.

माझ्या मते याचं कारण घरं. नव्वदच्या दशकात शिकारीला जायचं म्हणजे गाडी काढायची, चांगलं गवत दिसलं की शेतघराचं दार ठोठावायचं आणि टोपी काढून परवानगी मागायची. आयोवातली सुमारे ९७ टक्के जमीन खाजगी आहे, त्यामुळे दुसरा मार्गच नव्हता. मी पहिल्यांदा गेलो ते असंच, एका वयस्कर शेतकऱ्याच्या रानात. ते मला "प्रोफेसर" म्हणायचे, मी प्रोफेसर नाही हे सांगून थकलो. मोसमाच्या पहिल्या सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात मुलगे, जावई, पुतणे, डेमॉइनहून आलेले साडू, सगळे कॉफी पीत बसलेले असत. म्हातारीनं दालचिनीचे रोल भाजलेले. आठच्या आधी गोळी झाडायची नाही हा कायदा, त्यामुळे साडेसातपासून सगळ्यांचा डोळा घड्याळावर. मग अर्धे लोक मक्याच्या तासांतून रांगेत चालत यायचे, अर्धे दुसऱ्या टोकाला अडवायला उभे. बारा-तेरा वर्षांची पोरं बंदूक न घेता मध्ये चालत. तीच त्यांची शाळा.

ते वारले. मुलगा मिनियापोलिसला, मुलगी कोलोरॅडोत. जमीन खंडानं गेली एका मोठ्या शेतकऱ्याकडे, जो दोन काउंटी पलीकडे राहतो आणि असे कितीतरी तुकडे कसतो. त्याचं काही चुकलं नाही, हिशेबाचा माणूस आहे. घर रिकामं राहिलं, मग पाडलं, भोवतीची झाडंही काढली, आता तिथूनही पेरणीयंत्र सरळ जातं. दार ठोठावायला दारच नाही. अशी घरं मोजायला लागलात तर माझ्या एका टाउनशिपमध्येच (काउंटीचा एक भाग) बोटं पुरणार नाहीत.

हरणाचं वेगळं का, ते यात आलं. हरणाला एकटा माणूस पुरतो, एक झाड पुरतं, मामाचं दहा एकर रान पुरतं, आणि एक हरीण मिळालं की फ्रीझर भरतो. फेझंटला माणसं लागतात, शिकवलेला कुत्रा लागतो (आणि तो वर्षभर पोसावा लागतो), भरपूर चालायला सलग रान लागतं. इतकं सगळं जमवून दिवसाला मारायची परवानगी तीन नरांची. मांसाच्या हिशेबात हा आतबट्ट्याचाच व्यवहार आहे. तो चालायचा कारण नाहीतरी सगळे जमायचेच.

---

पक्षीवेडी

मी पुण्यात असते, पक्षीनिरीक्षण करते. थोडं कडू बोलते. हा पक्षी अमेरिकेचा नाहीच. १८८२ च्या सुमारास शांघायच्या अमेरिकन वाणिज्यदूतानं ओरेगॉनला पाठवले, तिथून हे सगळं सुरू झालं. तुमच्या आयोवात तर वादळानं कोणाचे पिंजरे मोडून सुटले असं वाचलंय. तिकडचा मूळचा प्रेअरी चिकन तुम्ही घालवलात आणि बाहेरच्या कोंबड्यासाठी गळा काढताय. शिकार कमी झाली तर चांगलंच नाही का? आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं बंद केली, म्हणून तर रानकोंबडा आज सह्याद्रीत आरवतो.

---

एम्सवाला

पक्षीवेडीताई, वादळाचं खरं आहे. १९००-०१ च्या सुमारास सीडर फॉल्सजवळ, सुमारे दोन हजार पक्षी सुटले. प्रेअरी चिकनचंही खरं, आणि ते पाप फेझंटचं नाही, नांगराचं आहे. आयोवातली मूळची प्रेअरी, म्हणजे गवताळ रान, हजारात एक भागही उरलेली नाही.

पण इथे गवत कोणासाठी राखलं जातं ते बघा. मेडोलार्क किंवा बॉबोलिंक या गवतातल्या छोट्या पक्ष्यांसाठी शेतकरी दहा एकर सोडत नाही. फेझंटसाठी सोडतो, कारण त्याला, त्याच्या जावयाला त्याची हौस असते. मग त्याच गवतात मेडोलार्कही घरटं करतो. दुसरं म्हणजे पैसा. १९३७ च्या कायद्यानं शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. परवान्यांचे पैसेही तिकडेच. शिकारी घटले की जीवशास्त्रज्ञांचे पगार, गवताचं बी, जमीनखरेदी सगळ्याला कात्री लागते. दुर्बिणीवर असा कर नाही. लावायला हवा, मी आनंदानं भरीन.

आणि आपला कायदा आपल्याकडे बरोबरच आहे. तिथे पोटासाठी, बाजारासाठी मारत होते, आणि माद्यांनाही कोणी सोडत नव्हतं. इथे फक्त नर मारायचा असतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे शरदात नर कमी झाले तरी वसंतात फरक पडत नाही. पक्षी घरी नेईपर्यंत पाय किंवा पिसांसकट डोकं-पंख ठेवावे लागतात, नर होता हे दाखवायला.

---

पक्षीवेडी

दुर्बिणीवरच्या कराला माझा पाठिंबा. बाकी पटलं असं नाही, पण गवताचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. आपल्याकडे माळरानांना "पडीक" म्हणून सौरऊर्जेला देतात, तणमोराला कोणी वाली नाही.

---

सू_फॉल्सची_सून

साउथ डाकोटातून लिहितेय. आमच्याकडे चित्र उलटं दिसेल पण आतून तेच. इथे फेझंट हा राज्यपक्षी (१९४३ पासून) आणि धंदा दोन्ही. पहिला मोसम १९१९ चा, फक्त स्पिंक काउंटीत, एकाच दिवसाचा. १९४५ मध्ये दीड कोटीच्या वर पक्षी होते असा अंदाज सांगतात. २००७ मध्येसुद्धा सव्वा कोटीच्या जवळपास होते, मग गवताबरोबर उतरले.

माझे सासरे म्हणतात, पूर्वी मिनेसोटाचे लोक यायचे ते आमच्याच घरी उतरायचे, जाताना व्हिस्कीची बाटली ठेवून जायचे. आता तेच रान लॉजवाल्यानं घेतलंय. दिवसाचे शेकडो डॉलर, जेवण, गाइड, कुत्रे त्यांचेच. कमी पडले तर पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडतात. परवाने घेणाऱ्यांत स्थानिकांपेक्षा बाहेरचेच जास्त आहेत. २०२० मध्ये तर राज्यानं आमच्याकडची मोजणीच बंद केली. अंदाज वाईट आला की बाहेरचे लोक बेत रद्द करतात, ही कुरकुर बरेच दिवस होती. मोजायचंच नाही म्हणजे वाईट बातमी नाही!

माझा नवरा स्वतःच्या बापजाद्यांच्या काउंटीत शिकारीला पैसे देऊन जायला तयार नाही. तो आता मासे पकडतो.

---

डेमॉइनचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार. ऑफिसातल्या काकांना घरांची गोष्ट सांगितली. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग त्या फोटोतल्या माणसांची नावं एकेक करत सांगायला लागले. कोण वारलं, कोणाचे गुडघे गेले, कोणाची जमीन विकली. फोनचं नाव एकदाही निघालं नाही. आणि जाता जाता म्हणाले, तू चल की यंदा, चौथा माणूस हवाच आहे. आता माझी पंचाईत. मी एच-१बी वर. बंदुकीला हातही लावलेला नाही. घरी बायको शाकाहारी.

---

एम्सवाला

जा. पण क्रमानं करा. तुम्ही १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेले असणार, म्हणजे आयोवात आधी शिकारी-सुरक्षेचा कोर्स करावा लागेल, त्याशिवाय नेहमीचा परवाना नाही. तुमच्या व्हिसावर एरवी बंदूक बाळगायला मनाई आहे, शिकारीचा परवाना असला तर सूट आहे, पण हे माझ्या भरवशावर करू नका, कंपनीच्या वकिलाला विचारा. काकांकडे रान नसेल तर डीएनआरच्या संकेतस्थळावर आयएचएपीचा नकाशा आहे. त्यात शेतकऱ्यांनी लोकांना चालायला मोकळी केलेली खाजगी रानं आहेत, कोणाला विचारावं लागत नाही. नारिंगी टोपी-जाकीट घ्या, त्यातलं एक तरी कायद्यानंच लागतं. बूट पाण्यातले घ्या. चर ओलांडताना सगळे नवखे तिथेच फसतात.

बायकोला सांगा, पहिल्या वर्षी बहुतेक काही लागत नाही.

---

खवय्या_नागपूरकर

लागलाच तर काळा मसाला पाठवतो.