घराच्या तपासणीत निघालेल्या बारीकसारीक कुरबुरी – तुमचं काय झालं?

आम्ही लीड्सजवळ १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर घेतोय. ऑफर मान्य झाली, लेव्हल २ सर्व्हे (घर घेण्याआधीची मधल्या पातळीची तपासणी) केला आणि काल रिपोर्ट आला. घराच्या प्रत्येक भागाला १ म्हणजे हिरवा (ठीक), २ म्हणजे अंबर (दुरुस्ती हवी, पण घाई नाही), ३ म्हणजे लाल (गंभीर किंवा तातडीचं) असा शेरा असतो, आमच्याकडे अंबरचा पाऊस आणि तीन लाल! नवरा म्हणतो सोडून देऊ. मला घर आवडलंय. तुम्ही काय दुरुस्त करून मागितलं, काय गिळलं, आणि कशाला उगाच घाबरलात ते लिहा प्लीज.

*

रेडिंगहून. लाल बघून घाबरू नका, आधी खालचं वाक्य वाचा. वायरिंगला बऱ्याचदा लाल पडतो कारण सर्व्हेअर ते टेस्ट करतच नाही, वरवर बघतो आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा म्हणून लिहून मोकळा होतो. आमचा खरा घोळ ओलीचा होता. हॉलच्या भिंतीला मीटर लावला की आकडा वर, मग एका कंपनीचा माणूस "फुकट" तपासणीला आला आणि भिंतीत केमिकल भरायचं अडीच हजार पौंडांचं कोटेशन देऊन गेला (फुकट तपासणारा काहीतरी विकायलाच आलेला असतो हो). नंतर पैसे देऊन स्वतंत्र माणूस आणला तर तो आत यायच्या आधी बाहेरच वाकून बसला. आधीच्या मालकाने फुलझाडांसाठी माती चढवत चढवत भिंतीतल्या डॅम्प प्रूफ कोर्सच्याही (जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून घातलेला थर) वर नेलेली, खरं तर जमीन त्याच्या १५० मिमी तरी खाली पाहिजे. दोन वीकेंड फावडं चालवलं, कंबर गेली, भिंत मात्र उन्हाळ्याअखेर सुकली. छपराची पन्हळ आणि सरकलेल्या कौलांचं कोटेशन एजंटला पाठवून १८०० कमी करा म्हटलं, ९०० झाले. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज व्हायच्या आधीच बोला, तोवर दोन्ही पार्ट्या मोकळ्या असतात.

*

स्कॉटलंडमध्ये उलटं आहे, होम रिपोर्ट विकणाराच करून ठेवतो. आम्ही तो वाचूनच बोली लावली त्यामुळे नंतर कुरकुर करायला तोंडच नव्हतं 😄

*

न्यू जर्सी. इन्स्पेक्टरने पानंच्या पानं फोटो काढलेले, हे बिजागर सैल, तो नळ गळतो, आणि मी सगळी यादी जशीच्या तशी पाठवायला निघालो होतो. वकील म्हणाली, दोन-तीनच मोठ्या गोष्टी मागा नाहीतर समोरचा वैतागतो. बेसमेंटमध्ये रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) ४ पिकोक्युरीच्या वर निघाला होता (इथे ४ झाला की उपाय करा सांगतात), तेवढं पाइप-पंखा बसवून घेतलं. बिजागरं मीच आवळली, एक अजून राहिलंय.

*

पुणे, नवा फ्लॅट. इथे कसला सर्व्हे, बिल्डरचा माणूस चावी हातात देऊन सही मागतो. सासरे एक रुपयाचं नाणं घेऊन आले आणि प्रत्येक टाइल ठोकत बसले, पोकळ वाजली की खडूने फुली. मला लाज वाटत होती. २३ फुल्या झाल्या! मग बाथरूममध्ये बादली ओतली तर पाणी ट्रॅपकडे न जाता दाराकडे. सगळं ईमेलने दिलं. तोंडी "करतो मॅडम"ला काही अर्थ नसतो. रेराच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो, ते कलम ईमेलमध्ये टाकल्यावर टाइलवाला चौथ्या दिवशी दारात. उतार मात्र दोनदा करावा लागला.

*

डोंबिवली, रिसेल. छत नवंकोरं रंगवलेलं बघून आम्ही खूश झालो, हाच गाढवपणा. जूनमध्ये बाथरूमबाहेर पिवळा नकाशा उमटला. वरच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, परत? त्यांनाही सांगितलं होतं मी." घराच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला की वरच्या मजल्यावर जाऊन चहा प्या, सगळं कळतं.

*

मीच, लीड्सवाली. इलेक्ट्रिशियन गुरुवारी येतोय. आज संध्याकाळी घराबाहेर चक्कर मारून आलो, भिंतीला टेकून गुडघाभर मातीचा वाफा आहे आणि त्यात लॅव्हेंडर. नवरा फावड्यांच्या किमती बघतोय.