१९६६ शेव्हेल: पॉवरग्लाइड काढून कुठला गिअरबॉक्स टाकू?

मालिबू६६:
मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे १९६६ ची शेव्हर्ले शेव्हेल मालिबू आहे, २८३ क्युबिक इंचाचं व्ही८ इंजिन, कॉलम शिफ्ट (गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी), मूळचा पॉवरग्लाइड, म्हणजे दोन गिअरवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दोन वर्षांपूर्वी इथे ओहायोतच एका आजोबांकडून घेतली, त्यांनी जिवापाड जपलेली गाडी आहे. इंजिन ठणठणीत आहे पण गिअरबॉक्स आता थकलाय. सकाळी थंड असताना रिव्हर्स टाकला की चार-पाच सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन लागतो, तेल काळपट झालंय, डिपस्टिक नाकाशी नेली की जळका वास येतो. शिवाय इंटरस्टेटवर ताशी सत्तर मैलांना गाडी एवढी ओरडते की शेजारी बसलेली बायको काय बोलते ते ऐकू येत नाही, म्हणून म्हटलं काढायचाच आहे तर ओव्हरड्राइव्हवाला, म्हणजे वरच्या गिअरला इंजिन कमी फेऱ्यांत फिरवणारा, टाकू. इथल्या एका ट्रान्समिशनवाल्याला विचारलं तर त्याने बाकी काही न विचारता सांगितलं, ७००आर४ टाक, सगळे तोच टाकतात. मी आणि मेहुणा मिळून घरच्या गॅरेजमध्येच करणार आहोत. ७००आर४, २००-४आर (हे दोन्ही चार गिअरचे, ओव्हरड्राइव्हवाले) की साधा तीन गिअरचा टीएच३५०? फ्रेमला कटर लावायचा नाहीये, एवढी एकच अट.

बेलएअर५७:
७००आर४ चांगलाच आहे, माझ्या ५७ बेल एअरमध्ये तोच आहे, पण टाकताना मला काय काय करावं लागलं ते ऐक आणि मग ठरव. त्या काळच्या शेवीत इंजिन पुढच्या टोकाला आणि मागे बेलहाउसिंगवर (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलेलं घंटेसारखं तोंड) टेकलेलं असतं, नव्या बॉक्सला बेलहाउसिंगवर टेकू द्यायला जागाच नाही, म्हणून मला इंजिनाला साइड माउंट आणि बॉक्सखाली नवा क्रॉसमेंबर (फ्रेमची आडवी पट्टी) असं दोन्ही करावं लागलं. तुझ्या ६६ ला ही भानगड नाही, तिच्यात साइड माउंट मुळातच आहेत.

पण खरं सांगायचंय ते टीव्ही केबलबद्दल. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. ही केबल नुसती किकडाउनची नाही, बॉक्समधलं तेलाचं प्रेशर तीच ठरवते. मी कार्ब्युरेटरवर हाताला लागला तो ब्रॅकेट बसवला, केबल थोडी ढिली राहिली, गाडी मऊ मऊ शिफ्ट करायला लागली आणि मला वाटलं वा, काय छान झालंय. ४०० मैलांत तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळून गेला, बॉक्स पुन्हा खाली. पॅडल पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण ओढली गेलीच पाहिजे आणि मधल्या प्रवासातही कार्बच्या लिव्हरची भूमिती बरोबर हवी, शक्य असेल तर प्रेशर गेज लावून बघायचं. दुसऱ्यांदा मी तसंच केलं, तेव्हापासून काही त्रास नाही.

चौथागिअर:
दादा, फ्रेम कापायची नसेल तर मापं आधी बघा. मी माझ्या शेव्हेलला २००-४आर लावलाय म्हणून पाठ झालीयेत. तुमचा पॉवरग्लाइड, सहा इंच शेपटीचा टीएच३५० आणि २००-४आर हे तिन्ही लांबीला जवळजवळ सारखे, साधारण साडेसत्तावीस-पावणेअठ्ठावीस इंच, त्यामुळे ड्राइव्हशाफ्ट (बॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा दांडा) आहे तोच चालतो, त्याचं बॉक्समध्ये जाणारं टोक, म्हणजे योकसुद्धा तोच, सगळ्यांना २७ स्प्लाइन, म्हणजे खाचा. ७००आर४ मात्र पावणेएकतीस इंच आहे, म्हणजे शाफ्ट तीनेक इंच कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो. माउंटची जागा वेगळी पडते ती वेगळीच. टीएच३५० चा माउंट पॉवरग्लाइडच्याच जागी येतो, ७००आर४ चा दोनेक इंच मागे, आणि २००-४आर चा टीएच४०० या दुसऱ्या बॉक्सच्या जागी, म्हणजे सहा-साडेसहा इंच मागे, क्रॉसमेंबर तिथे सरकवायचा. मी तयार क्रॉसमेंबर घेतला, नटबोल्टवर बसला, कटर लागला नाही.

गिअर म्हणाल तर ७००आर४ चा पहिला ३.०६ आणि दुसरा १.६३, मध्ये मोठी दरी पडते, गाडी सुरुवातीला झेप घेते आणि दुसऱ्यात गेल्यावर इंजिन एकदम गप्प होतं. २००-४आर चे २.७४, १.५७, १ आणि ०.६७, ते मला जास्त आवडतात. केबलचं मात्र वरच्या दादांनी सांगितलं ते २००-४आर ला पण तस्संच लागू आहे, आणि दोन्हींना लॉकअपसाठी, म्हणजे कन्व्हर्टर (तेलातून इंजिनाची ताकद बॉक्सला देणारं भांडं) वेग आल्यावर घट्ट जोडला जाण्यासाठी, १२ व्होल्टची वायर द्यावी लागते. ती न देता गाडी पळवली तर कन्व्हर्टर हायवेवर सरकत राहतो, तेल तापतं.

ग्रीसचे हात:
सगळ्यांनी बॉक्सची नावं सांगितली पण मागच्या एक्सलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे किती फेरे, ते कुणीच विचारलं नाही. त्या ट्रान्समिशनवाल्यानेही नाही, आणि मला राग येतो तो याचाच. रेशो माहीत नसताना ओव्हरड्राइव्ह सुचवणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं.

आज संध्याकाळी हे कर. पुढच्या चाकांना अडण लाव, मागचं एकच चाक जॅकवर घे, खाली स्टँड ठेव, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोड. साधा ओपन डिफरेन्शियल असेल तर उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरव आणि तेवढ्यात ड्राइव्हशाफ्ट किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोज. तोच तुझा रेशो.

मग हिशोब सोपा आहे, ताशी मैलांतला स्पीड गुणिले रेशो गुणिले ३३६ भागिले टायरचा व्यास इंचात. २६ इंची टायर धरला आणि रेशो ३.७३ निघाला तर सत्तरला इंजिन मिनिटाला ३३७० फेऱ्यांच्या आसपास फिरतंय, तिथे ओव्हरड्राइव्ह म्हणजे वरदान, ७००आर४ ने ते २३६० वर येईल. पण रेशो ३.०८ निघाला तर सत्तरला तू आत्ताच २७९० वर आहेस. त्यावर ०.६७ चा ओव्हरड्राइव्ह लावलास तर १८७० होतील, आणि २८३ सारखं छोटं इंजिन तिथे कण्हतं, जरा चढ आला की खाली शिफ्ट, उतार आला की वर, दिवसभर तेच चालू.

आणि रिव्हर्सबद्दल. कुणी बँड आवळ म्हणेल, त्याचा उपयोग नाही, पॉवरग्लाइडमध्ये बँड लो गिअरचा असतो, रिव्हर्सला स्वतंत्र क्लच पॅक आहे. थंड असताना उशीर आणि मग धाडकन, म्हणजे त्या क्लचच्या पिस्टनचे रबरी सील दगडासारखे झालेत, तेल गळून जातं आणि प्रेशर बनायला वेळ लागतो. काढण्याआधी मॉड्युलेटरची (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून बॉक्सचं प्रेशर ठरवणारी डबी) व्हॅक्यूम नळी उपसून बघ, आतून तेलाने ओली असेल तर त्याचा पडदाही फाटलाय आणि इंजिन ते तेल पितंय. रेशो मोजून कळव, मग बोलू.

मालिबू६६:
काका, काल रात्री मोजलं. मेहुण्याने चाक फिरवलं, मी खाली पडून खूण बघत होतो, तीन फेरे पूर्ण आणि वर अगदी थोडं. तीनदा केलं, तीनदा तेच. म्हणजे ३.०८ च ना? टायर २०५/७५आर१४ आहेत, २६ इंच भरतात. व्हॅक्यूम नळी कोरडी आहे. मग सत्तरला ओरडतंय ते नक्की काय?

ग्रीसचे हात:
३.०८ च. आणि २७९० ला चांगलं २८३ ओरडत नाही रे, आवाज दुसरीकडून येतोय. दारांची रबरं बघ, साठ वर्षांची झाली असतील तर वारा आत शिट्ट्या मारणारच. मफलर, म्हणजे सायलेन्सर, बघ. ते आधी कर, बॉक्सच्या मानाने स्वस्तात होतं.

माझं मत विचारशील तर टीएच३५० टाक. तुझ्या गाडीचं दुखणं हायवेला नाही, सिग्नलवरून निघताना आहे. पॉवरग्लाइडचा पहिला १.८२ धर, गुणिले ३.०८ म्हणजे ५.६. टीएच३५० चा पहिला २.५२, गुणिले ३.०८ म्हणजे पावणेआठ. इंजिनाला हात न लावता गाडी वेगळीच वाटेल. दुसरा १.५२ आहे, दरी लहान, तिसरा सरळ एकास एक. लांबी तीच, क्रॉसमेंबर तोच, शाफ्ट तोच, टीव्ही केबल नाही, लॉकअपची वायर नाही. साधी किकडाउन केबल आणि मॉड्युलेटरला व्हॅक्यूम, तो मॅनिफोल्डमधूनच घे, कार्बच्या पोर्टमधून नको. पुढेमागे एक्सल ३.७३ केलास तर चौथागिअर ताईंचा २००-४आर डोळे मिटून घे, तेव्हा तोच योग्य.

आता ज्याच्यामुळे घरी बसवलेले बॉक्स मरतात ते सांगतो, नीट वाच. कन्व्हर्टर बॉक्सवर बसवताना तीन वेळा खाली उतरला पाहिजे, स्टेटरचे दात, इनपुट शाफ्टचे दात आणि शेवटी पंप. हळूहळू फिरवत ढकलायचा, प्रत्येक वेळी हाताला ठक् जाणवतं. दोनच ठकवर थांबून बॉक्स इंजिनाला लावला तर बेलहाउसिंग आणि ब्लॉकमध्ये फट राहते, आणि ती फट बोल्ट आवळून मिटवायला गेलास की पंप फुटला. बेलहाउसिंग डॉवेल पिनांवर हातानेच पूर्ण टेकलं पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर मागे ढकल, फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागची दातेरी चकती) आणि त्याच्यात १/८ ते ३/१६ इंच जागा राहायला हवी, मग कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लाव. ही जागा मोजल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

चौथागिअर:
फ्लेक्सप्लेटचे दात पण मोजा दादा, शेवीत १५३ आणि १६८ असे दोन प्रकार येतात, छोटी पावणेतेरा इंची आणि मोठी चौदा इंची, स्टार्टरचं नाक त्याप्रमाणे वेगळं. कन्व्हर्टरच्या बोल्टचं वर्तुळही पावणेअकरा किंवा साडेअकरा इंच, ऑर्डर देताना तेच जुळवायचं. आणि ४०० क्युबिक इंचाच्या इंजिनाची किंवा ८६ पासूनच्या इंजिनाची फ्लेक्सप्लेट कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, त्यांच्यावर बॅलन्सचं वजन असतं, तुमचं २८३ थरथरायला लागेल.

बेलएअर५७:
अजून एक, बॉक्स सुटला की इंजिन मागे कलतं आणि डिस्ट्रिब्युटर फायरवॉलवर आपटतो. कॅप आधीच काढून ठेव आणि इंजिनाखाली मागच्या बाजूला टेकू दे. आणि बॉक्स छातीवर घेऊन उतरवायचा विचारही करू नका, टीएच३५० सव्वाशे पौंडांच्या आसपास भरतो, ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतो तो आणा. जुन्या तेलाचा जळका वास होता म्हणजे रेडिएटरमधल्या कूलरमध्ये क्लचचा चुरा बसलेला असणार, तो आणि दोन्ही नळ्या धुतल्याशिवाय नवा बॉक्स जोडू नका.

मालिबू६६:
तीन आठवड्यांनी लिहितोय. टीएच३५० बसला. फ्लेक्सप्लेट १६८ निघाली. कन्व्हर्टर पहिल्यांदा दोनच ठकवर अडला होता, मला वाटलं बसला, मेहुणा म्हणाला काकांनी तीन सांगितलेत, पुन्हा फिरवत बसलो आणि दहा मिनिटांनी तिसरा ठक् आला. जागा ५/३२ भरली. तेल भरता भरता दहा क्वार्टपर्यंत गेलं. रिव्हर्स आता टाकल्या टाकल्या लागतो आणि सिग्नलवरून गाडी अशी निघते की पहिल्या दिवशी मी उगाचच गावाला दोन चकरा मारल्या. दारांची रबरंही बदलली, बायकोचं बोलणं ऐकू येतं. जुना पॉवरग्लाइड कोअर म्हणून, म्हणजे नव्याच्या बदल्यात, परत दिला नाही, आजोबांच्या गाडीचा आहे, तेल पुसून गुंडाळून ठेवलाय.

एकच अडलंय. कॉलमवरचा काटा पी, आर, एन ला बरोबर येतो पण डी ला अर्धवट राहतो आणि खाली एक गिअर जास्त आहे त्याला अक्षरच नाही.

ग्रीसचे हात:
बरोबरच आहे, पॉवरग्लाइडच्या पट्टीवर पी-आर-एन-डी-एल एवढंच, तुझ्या बॉक्सला एक खाच जास्त. तीन गिअरच्या बॉक्सची लिव्हर आणि पट्टी मिळते ती लाव, पण काट्याच्या नादाने लिंकेज हलवू नकोस. जुळवणी बॉक्सवरच्या लिव्हरच्या खाचेवरून करायची, काट्यावरून नाही. आधी पार्क, चाक उचलून शाफ्ट खरंच अडकतोय का बघ, मग इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रललाच सुरू होतंय ना ते बघ. काटा सगळ्यात शेवटी.