कोरियात ट्रेनिंगला चाललोय, माळकरी आहे, ऑफिसच्या पार्टीत काय करायचं?

चाकणचा_क्वालिटीवाला
नमस्कार मंडळी. कंपनी पुढच्या महिन्यात तीन आठवड्यांसाठी कोरियाला पाठवतेय, छांगवॉनला, कस्टमरच्या प्लांटवर. पहिलाच परदेश. कामाचं टेन्शन नाही, संध्याकाळचं आहे. आधी जाऊन आलेला एक सिनियर सांगत होता की टीमबरोबर जेवायला जावंच लागतं, त्याला होएशिक म्हणतात, आणि मोठा साहेब स्वतः बाटली घेऊन सोजू, म्हणजे तिकडची दारू, ओतायला येतो तेव्हा नाही म्हटलं की त्याचं तोंड उतरतं. मी माळकरी, आजोबांपासून घरात वारी, त्यामुळे दारू आणि मटण दोन्ही बाद. समोरच्याला वाईट न वाटता नाही कसं म्हणायचं? बाकी कार्ड, वाकणं, हाका मारणं यातलं काही असेल तर तेही सांगा.

बुसानची_ताई
मी बुसानला सहा वर्षं होते, छांगवॉन तिथून जवळच. भाऊ, पहिली गोष्ट म्हणजे हे जेवणाच्या टेबलावर सांगायचंच नाही. चार लोकांसमोर ऐन वेळी नाही म्हटलंस की ओतणाऱ्याची पंचाईत होते, राग त्याचा येतो, न पिण्याचा नाही. तुझ्याबरोबर मेलवर बोलणारा कोणी ज्युनियर असेल, बहुतेक देरी हुद्द्याचा, त्याला आत्ताच कळव की धर्मामुळे दारू-मांस चालत नाही. तो वर सांगतो आणि हॉटेलही तसं बघतो. तिकडचे बौद्ध भिक्षू मांस खात नाहीत, कांदा-लसूणही नाही, त्यामुळे धर्म म्हटलं की लगेच समजतं, उगाच हेल्थ वगैरे सांगत बसू नको.

आणि एक बारकावा. 'सुल आन माश्योयो' म्हणजे मी पीत नाही, 'सुल मोन माश्योयो' म्हणजे मला पिता येत नाही. दुसरं म्हण, ते मऊ लागतं.

पण ग्लास मात्र पुढे करायचा! सायडर माग, तिकडे सायडर म्हणजे आपल्या लिंबू सोड्यासारखं गोड पेय, त्यात दारू नसते. कोणी मोठा माणूस ओतत असेल तर ग्लास दोन्ही हातांनी धरायचा, पिताना तोंड जरा बाजूला वळवायचं, आणि मग बाटली घेऊन तू त्याला ओतायचं, उजव्या हातात बाटली आणि डावा हात उजव्याच्या खाली. आपण देवळात तीर्थ घेताना डावा हात खाली धरतो ना, अगदी तसंच, तुला शिकवायलाच नको. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, आणि दुसऱ्याचा रिकामा झाल्याशिवाय भरायचा नाही. एवढं केलंस की ग्लासात काय आहे हे कोणी बघत नाही.

लेथवरचा_मामा
ताईंनी पार्टीचं सांगितलं, मी मीटिंगचं सांगतो कारण तिथे मी माती खाल्लेली आहे. पहिल्याच दिवशी समोरच्याने दोन्ही हातांनी कार्ड दिलं, मी एका हाताने घेतलं आणि न वाचता पँटच्या मागच्या खिशात टाकून त्यावर बसलो, माणूस काही बोलला नाही पण शेजारच्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. कार्ड दोन्ही हातांनी घे, वाच, मीटिंग संपेपर्यंत टेबलावर ठेव.

नावाने हाक मारायची नाही. दर पाच माणसांत एक किम आहे, त्यामुळे हुद्दा लावायचाच, किम क्वाजांग-निम, पार्क बूजांग-निम. क्वाजांग म्हणजे सेक्शनचा प्रमुख, बूजांग म्हणजे डिपार्टमेंटचा. निम म्हणजे आपलं साहेब. मिस्टर किम त्यांना कोरियनमध्ये खालच्या माणसाला मारलेल्या हाकेसारखं वाटतं.

आणि तू क्वालिटीवाला म्हणून खास, तुझा तो लाल पेन! चेकशीटवर कोणाचं नाव लाल शाईने लिहू नको, जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहिणं तिकडे अशुभ. डायमेन्शनला काय गोल करायचे ते कर.

अजून एक, तुझ्या पॉइंटवर 'विचार करून बघू' किंवा 'जरा अवघड आहे' असं आलं तर ते बहुतेक नाहीच असतं. आपण उधार मागणाऱ्याला 'बघतो, कळवतो' म्हणतो तेच.

शॉर्टकट_सम्या
एवढं कशाला, औषध चालू आहे सांगायचं, विषय संपला. शिवाय 2019 पासून ऑफिसातल्या छळाविरुद्ध तिकडे कायदा आहे, पाजायची जबरदस्ती केली तर त्यांचीच अडचण होते.

बुसानची_ताई
कायद्याने फरक पडलाय हे खरं, तरुण मंडळी आता स्वतःच कमी पितात. पण सम्या, तीन आठवडे औषध? दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी काळजीने विचारणार बरं वाटतंय का, मग काय सांगायचं.

बाकी जेवण: किमची, म्हणजे आंबवलेली तिखट भाजी, शाकाहारी नसते, त्यात सहसा माशाचा नाहीतर कोळंबीचा खारवलेला रस असतो. सूपही बरेचदा सुक्या माशांच्या पाण्यावर करतात. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, घेताना म्हण 'गोगी प्पे जुसेयो', म्हणजे मांस काढून द्या. भाजलेली रताळी मस्त मिळतात. थालीपिठाची भाजणी घेऊन जा आणि मोजे फाटके नकोत, काही हॉटेलांत बूट काढून जमिनीवर बसतात.

चाकणचा_क्वालिटीवाला
सगळ्यांचे आभार, मामा लाल पेनचं वाचून घामच फुटला, माझ्या बॅगेत तेच चार आहेत. काल त्या देरीला मेल टाकला, तासाभरात उत्तर आलं की काही अडचण नाही, बूजांग-निमना कळवलंय, आणि खाली विचारलंय की चिकन तर चालेल ना. आता परत लिहितोय.